लोहाराची कानस

दाभोसा गावच्या ढवळूचा डावा पाय सागाच्या ओंडक्याखाली सापडला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. जव्हार संस्थानच्या जंगलात तोडणी चालू होती. ओंडका उतारावरून सुटला, बाकीचे पळाले, ढवळू घसरला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यानंतर चिखलात उभं राहून भात लावणं त्याला जमेना, नांगरामागे चालणं तर दूरच. शेताचं सगळं बायकोवर, रामीवर पडलं. ढवळू दिवसभर ओटीवर बसून लाकडाच्या फण्या कोरायचा आणि रामी त्या जव्हारच्या बाजारात नेऊन विकायची.

ही पहिल्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मला ती ढवळूच्या मुलीनं, तानीनं सांगितली. बापानं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितली होती, आणि सांगताना त्यानं एकदाही तिच्याकडे बघितलं नाही म्हणे.

त्या फण्यांमधली एक देवराम सोनाराच्या बायकोनं घेतली. देवरामशेटनं ती उन्हात धरून पाहिली. दात सगळे एकसारखे, केसाएवढाही फरक नाही.

"ही कशावर केली गं?" त्यानं रामीला विचारलं.

"कशावर काय, शेट? नवरा करतो माझा. कोयतीनं."

पुढच्या बाजाराला शेटनं ढवळूला बोलावून घेतलं. शेटला मूलबाळ नव्हतं, नजर अधू होत चालली होती. डोंगरातल्या बायकांचे चांदीचे दागिने हेच त्याचं मुख्य काम: वाळे, कडी, गळ्यातल्या सऱ्या. "शिकशील का?" त्यानं विचारलं. ढवळूनं होकाराची मान हलवली. जव्हारच्या पेठेत सोनाराच्या ऐरणीपाशी बसलेला कोकणा आदिवासी माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. पेठेतले लोक हसले. शेजारचा कापडवाला म्हणाला, "शेट, आता चांदीला कोयता लावणार वाटतं." देवरामशेट म्हणाला, "त्याचे हात बघा आणि मग बोला." पण ते हसणं ढवळूच्या कानात राहिलं.

पहिले काही महिने त्यानं शेगडी फुंकली, चांदीची तार ओढली, डाक द्यायला शिकला. डाक म्हणजे तुटलेला सांधा जोडणारा धातू, चांदीत थोडं पितळ मिसळून केलेला. तो वितळून सांध्यात उतरतो, आणि वर जो गोळा राहतो तो कानशीनं घासून काढायचा. शेटच्या कानशी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. होळी झाली आणि हिरड्याच्या गाड्या मोखाड्यावरून नाशिकला निघाल्या, तेव्हा शेट म्हणाला, "तूही जा. कानस ज्याची त्यानं निवडावी. मी आणलेली माझ्या हाताला बसेल, तुझ्या नाही."

आणि त्यानं नीट समजावून सांगितलं. "तीन आण. एक चपटी, सपाट अंग घासायला. एक अर्धगोल, कड्याच्या आतल्या बाजूला. एक गोल, उंदराच्या शेपटीएवढी, भोकांना. आकार कुणीही ओळखेल. खरी पारख दातांची. अंगठ्याच्या नखावर अलगद फिरवून बघ. नुसती पांढरी पूड पडली तर ती चांदीची. चावली, रेघ उमटली, तर ती लोखंडाची. आणि दुकानदाराला सरळ सांग, चांदीच्या कामाला पाहिजेत. तोच काढून देईल."

ढवळूनं हे सगळं वाटेत पुन्हा पुन्हा घोकलं. मोखाडा, त्र्यंबक, मग नाशिक. गाडीवाल्यांनी त्याला पेठेच्या तोंडाशी उतरवलं.

हत्यारांचं दुकान मोठं होतं. आत चार-पाच सोनार गादीवर बसून गप्पा मारत होते. त्यांच्या अंगात कोट, डोक्याला पगड्या. ढवळूच्या कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. तो पायरीशीच उभा राहिला.

"काय पाहिजे रे?" दुकानदारानं विचारलं.

"कानशी."

"कशाला?"

ढवळूच्या ओठांवर 'चांदीला' हा शब्द आला होता. तेवढ्यात गादीवरचा एकजण दुसऱ्याला हळूच काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. ते कशाला हसले कोण जाणे. कदाचित त्यांच्याच कुठल्या गोष्टीला हसले असतील. पण ढवळूला वाटलं, आता आपण चांदी म्हणालो तर हे सगळे मोठ्यानं हसतील. किंवा विचारतील, तुझ्याकडे चांदी आली कुठून?

"कोयत्यांना," तो म्हणाला. "कोयत्यांना, कुऱ्हाडींना."

"मग असं सांग की." दुकानदारानं मागच्या फळीवरून कानशी काढल्या. चपटी, अर्धगोल, गोल. तिन्ही आकार बरोबर होते. दात चांगले खोल, चकचकीत. ढवळूला त्या आवडल्यासुद्धा. चांगल्या विळ्याचे दात असेच असतात, असं त्याच्या मनात आलं. नखावर फिरवून बघायचं त्याला आठवत होतं. पण कोयता घासणारा माणूस नखावर कानस कशाला फिरवील? त्यानं कानशी घोंगडीत गुंडाळल्या आणि तो मागे न बघता पेठेबाहेर पडला. गाडीत बसल्यावर तरी नखावर फिरवून बघता आली असती, पण तेही त्यानं केलं नाही. रेघ उमटली तर परत जाऊन काय सांगायचं, याची त्याला भीती वाटत होती.

जव्हारला पोचला तर दुकानाला कुलूप. शेटची बहीण वाडा गावी वारली होती आणि नवरा-बायको दोघं तिकडे गेले होते. शेटनं किल्ली कापडवाल्याकडे ठेवून निरोप दिला होता: दुकान उघडून बस, कामं घेऊन ठेव, मी आल्यावर बघू.

कामं घेऊन ठेव, एवढंच सांगितलं होतं. कर म्हणून सांगितलं नव्हतं.

चैत्रातल्या बाजाराच्या दिवशी वांगणीहून तीन बायका दुकानाशी आल्या. पुढे होती पोशी, चाळिशीची, उंच, ताठ चालणारी. तिच्यामागे तिची नणंद नवशी आणि भावकीतली एक जाऊ. पोशीचं माहेर मोखाड्याकडचं. तिच्या भावाच्या, कान्हाच्या पोरीचं लगीन होतं आणि त्या तिघी तिकडेच निघाल्या होत्या. पोशीनं गळ्यातली सरी काढून ढवळूसमोर ठेवली. जाड, भरीव, चांगली वजनदार. तिच्या टोकाची कडी निखळली होती.

"एवढी जोडून दे, दादा," ती म्हणाली. "भावानं दिलेली हाय. बारा वर्षं झाली. तिच्याशिवाय त्याच्या दारात कशी जाऊ?"

शेट नाहीत, असं ढवळूनं म्हणायला हवं होतं. पण पोशीनं त्याला निरखून पाहिलं होतं आणि तिचा चेहरा उजळला होता. "तू दाभोशाचा ना? आमच्यातला माणूस सोनाराच्या गादीवर! कान्हाला सांगीन मी." आता तिला शेटची वाट बघ म्हणणं ढवळूच्या जिवावर आलं.

त्यानं कडी जोडली. डाक थोडा जास्त झाला, पण सांधा पक्का बसला. मग गोळा काढायला त्यानं नवी चपटी कानस घेतली आणि जुन्या कानशीला लावायचा तेवढा जोर लावला. कानस चांदीत रुतली. त्यानं उचलून पाहिलं, सांध्याच्या बाजूला तीन खोल चरे पडले होते. ते घालवायला त्यानं आडवी घासली. चऱ्यांच्या जागी खड्डा झाला. खड्डा सपाट करायला आणखी घासली. डाकाचा पिवळट तांबूस रंग पसरून बोटभर जागा मळकी दिसायला लागली. समोर तीन बायका बसलेल्या, आजूबाजूला बाजाराची गर्दी, कापडवाला मान उंच करून बघतोय.

"काय झालं?" पोशीनं विचारलं.

ढवळूनं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडातून शब्द गेले. "बाय, चांदी हिणकस हाय ही. आत तांबं हाय. म्हणून अशी निघते."

बोलल्याबरोबर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. पण नवशी तोवर हसली होती. "ऐक गं! बारा वर्षं आम्हाला भावाची चांदी दाखवत होतीस. तांबं निघालं!" आजूबाजूच्या दोन-चार बायका वळून बघायला लागल्या.

पोशी हसली नाही, रागावलीही नाही. तिनं सरी उचलली, तो तांबूस डाग पाहिला आणि पदराखाली घेतली. मजुरी विचारली. ढवळू म्हणाला, "नको." तेव्हा ती खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "तू आमच्यातला म्हणून खरं सांगितलंस. सोनार थोडाच सांगणार होता?"

आयुष्यात आपण पुष्कळ बोलणी खाल्ली, पण या एका चांगल्या वाक्याएवढं काहीच लागलं नाही, असं ढवळू पुढे तानीला म्हणाला.

आठ दिवसांनी देवरामशेट परतला. त्यानं नव्या कानशी हातात घेतल्या, चपटी नखावर टेकवली आणि लगेच उचलली. "अरे, ही तर लोहाराची कानस! तू नखावर बघितली नाहीस?"

ढवळू शेगडीतले निखारे हलवत राहिला.

"यानं काही घासलंस का?"

"नाय, शेट."

शेटनं विश्वास ठेवला. उलट त्याला वाईट वाटलं, बिचाऱ्याला दुकानदारानं फसवलं म्हणून. त्यानं नाशिकला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून बारीक दातांच्या कानशी मागवल्या. त्या आल्यावर दोन्ही कानशी ढवळूच्या हातात देऊन, डोळे मिटायला लावून, बोटांनी फरक ओळखायला शिकवलं. चांदीवर कानस पुढे जाताना लावायची, मागे येताना उचलायची, हेही शिकवलं. एकीकडे दात नसलेली कड कशाला असते ते दाखवलं: शेजारची जागा दुखावू नये म्हणून. ढवळू सगळं मन लावून शिकला. पावसाळा संपेपर्यंत त्याचा हात इतका बसला की शेट कडी त्याच्याकडे देऊन स्वतः तंबाखू चोळत बसायचा.

डोंगरातली माणसं आता दुकानात येऊन ढवळूलाच विचारायची. "शेट नको, तू बघ." शेटला त्याचं कौतुक वाटे. ढवळूला मात्र प्रत्येक वेळी पोशीचं वाकून बोललेलं वाक्य ऐकू यायचं. सांगून टाकावं असं त्याला रोज वाटायचं. रोज तो उद्यावर ढकलायचा. जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं, कारण आता एका खोट्याबरोबर इतक्या दिवसांचं गप्प बसणंही सांगावं लागणार होतं.

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस होऊन गेली, भातं कापून झाली, आणि एका सकाळी एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस दुकानाशी येऊन उभा राहिला. त्यानं कमरेच्या फडक्यातून सरी काढून ऐरणीशेजारी ठेवली. ढवळूनं ती बघताक्षणी ओळखली.

"मी कान्हा. पोशीचा भाऊ," तो माणूस म्हणाला. "तू ढवळू ना? तूच तिला सांगितलंस ना, आत तांबं हाय?"

देवरामशेटनं चष्मा सरसावला. ढवळूनं हातातली तार खाली ठेवली.

"लग्नाच्या आदल्या सांजेला ती माझ्या दारात आली," कान्हा सांगू लागला. "आत आली नाय. सरी दाराच्या खुंटीला अडकवली आणि तशीच फिरली. मी मागं धावलो. म्हणली, सासरी माझं नाक कापलंस. एवढंच. तांब्याचं आणि तुझं नाव मागाहून तिच्या नणंदेकडून कळलं. माझ्या पोरीला हळद तिनं लावायची होती. पोर वाट बघत बसली होती. वाघबारशीला माणूस पाठवला, तरी आली नाय." मग तो शेटकडे वळला. "शेट, बारा वर्षांपूर्वी ही सरी मी तुमच्याच दुकानातून नेली. दोन हंगाम डहाणूला लाकडं वाहिली तिच्यासाठी. तुम्ही मला तांबं का दिलंत, एवढंच विचारायला आलो. भांडायला नाय आलो."

आणि तो पुन्हा ढवळूकडे वळला. "तू सांग. तू आमच्यातला हायेस, तू खोटं बोलणार नायस."

देवरामशेटनं सरी उचलली, स्वतःच्या हाताची घडण ओळखली, शेगडीवर धरून तापवली. तांबं असतं तर ती काळवंडली असती. ती पांढरीच राहिली. मग त्यानं सांध्याजवळचा खड्डा उजेडात धरला, अंगठा फिरवला. त्याची नजर फळीवर गेली, तिथं ती नाशिकची चपटी कानस पडली होती, विळा परजायला ठेवलेली. त्यानं ती घेऊन खड्ड्यातल्या चऱ्यांवर टेकवली. दात चऱ्यांत बरोबर बसले. त्यानं कानस खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसत बसला.

ढवळूनं नंतर तानीला सांगितलं, की तेव्हा शेट ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चांदी चोख हाय," ढवळू म्हणाला. "शेटनं फसवलं नाय. मी फसवलं. माझी कानस चुकीची होती, माझ्या हातानं खराब झाली. बायका बघत होत्या. मला लाज वाटली, म्हणून चांदीला नाव ठेवलं."

कान्हा त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे हात मोठे होते, एक फटका दिला असता तर ढवळू उठला नसता. पण त्यानं हात उचलला नाही. "तुला लाज वाटली," तो सावकाश म्हणाला, "म्हणून माझ्या बहिणीला लाज आणलीस." मग सरी त्याच्याकडे सरकवून, "मला सांगून काय? तिला सांग. सगळ्यांसमोर बोललास, सगळ्यांसमोर सांग."

कान्हा बाहेर जाऊन पायरीवर बसला. शेट एवढंच म्हणाला, "चैत्रात मी तुला विचारलं होतं." त्यानं बारीक कानस ढवळूपुढे सरकवली. "आधी ही नीट कर. मग जा."

ढवळूनं दिवसभर काम केलं. तांबूस डाग निघाला, चरे निघाले. खड्डा मात्र पूर्ण निघेना. आणखी घासली असती तर सरी तिथं बारीक होऊन तुटली असती. कुठं थांबायचं ते आता त्याला कळत होतं, आणि ते आता कळतंय याचंच त्याला वाईट वाटत होतं.

संध्याकाळी कान्हानं सरी बघून ती ढवळूच्याच हाती ठेवली आणि तो मोखाड्याच्या वाटेला लागला.

वांगणी लांब. वाकड्या पायानं त्याला दोन दिवस लागले, मधली रात्र दाभोशाला घरी काढली. रामीला त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "मीच बाजारात तुझी तारीफ करत फिरते." एवढं बोलून ती पुन्हा भाकरी थापू लागली.

वांगणीला पोचला तेव्हा खळ्यात झोडणी चालू होती. पोशी, तिचा नवरा लाडक्या, नवशी, शेजारपाजारची दहा-बारा माणसं. ढवळू खळ्याच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "बाय." पेंढ्या झोडणारे हात थांबले. त्यानं सरी दोन्ही हातांवर धरली आणि दुकानात सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. नाशिकला कोयत्यांना म्हणालो, तिथपासून सांगितलं. दुसऱ्या वेळी सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

नवशीनं मान खाली घातली. पोशी पुढे आली, तिनं सरी घेतली, खड्ड्यावर बोट फिरवलं.

"हा असाच राहणार?"

"राहणार, बाय."

"चांदीचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "माझ्या भाचीचं लगीन परत लागंल का? लागंल का परत?"

पोशीनं सरी गळ्यात घातली नाही. पदरात बांधली, नवऱ्याला म्हणाली, "मी कान्हाकडे जाते," आणि खळं तसंच टाकून वाटेला लागली. ढवळूला कुणी शिवी दिली नाही, कुणी बस म्हणालं नाही. झोडणी पुन्हा सुरू झाली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग परतला. पुढे बराच वेळ त्याला डोंगराच्या वळणांवर पोशीची पाठ दिसत होती. ती त्याच्यापेक्षा कितीतरी भरभर चालत होती.

ही बातमी गावोगाव पोचली. कित्येक महिने डोंगरातलं कुणी ढवळूला काम देईना, सगळी पुन्हा शेटलाच विचारायची. शेटनं त्याला काढलं नाही. पण पूर्वीसारखं किल्ली ठेवून कुठे गेलाही नाही. ढवळू शेटनं दिलेली कामं खाली मान घालून करायचा. काही बिघडलं तर गिऱ्हाईकानं बघायच्या आधीच स्वतः दाखवायचा, "हे माझ्या हातून झालं." पहिल्यांदा लोक चमकायचे. हळूहळू त्यांना सवय झाली.

सात-आठ वर्षांनी देवरामशेट वारला. ढवळू रामीला आणि तानीला घेऊन मोखाड्याला आला आणि आठवड्याच्या बाजारात शेगडी मांडून बसू लागला. तिथं एका बाजाराला कान्हा आला. केस पिकले होते. कडेवर दीड वर्षाची नात होती, पोरीची पोर. "हिला वाळे करून दे," तो म्हणाला. दुसऱ्या सोनाराकडे का गेला नाही ते त्यानं सांगितलं नाही.

त्याच्यामागे पोशी होती. ती शेगडीशी आली नाही. समोरच्या झाडाखाली ढवळूकडे पाठ करून बसली. ढवळूनं चांदी ओतली, तार ओढली, वाळे वळले, डाक दिला. बारीक कानशीनं सांधा घासायला त्याला खूप वेळ लागला, दर दोन घासांनंतर तो थांबून नखानं सांधा चाचपत होता. दुपार झाली, बाजार उठायला लागला. पोशी त्याच जागी बसून होती.

वाळे झाले तेव्हा ती उठली. तिनं ते ढवळूच्या हातातून घेतले, आतल्या बाजूनं गालाला लावून बघितले, कुठं टोचत तर नाही ना म्हणून. मग पोरीच्या पायांत चढवले आणि तिला जमिनीवर उभी केली.

"चाल बघू," ती पोरीला म्हणाली.

पोरगी दोन पावलं चालली, वाळ्यांचा आवाज ऐकून थांबली, पुन्हा चालली. पोशी तिच्या मागोमाग गेली. ढवळूनं वर बघितलं नाही. मांडीवर पडलेला चांदीचा कीस तो बोटांनी गोळा करत राहिला.